वर्गचल म्हणजे काय व ते कसे वापरावे

सकाळची वेळ आहे. एका सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागापुढे रांग लागलेली आहे, आणि खिडकीपलीकडे बसलेला लेखनिक एकेका रुग्णाचे नाव, वय व पत्ता विचारून केसपेपर तयार करीत आहे. प्रत्येक केसपेपरावर तो एक क्रमांक घालतो. हा क्रमांक येतो कोठून? लेखनिकापुढे नोंदवही असते. तिच्यातील अखेरच्या ओळीकडे तो पाहतो, तेथील आकड्यात एक मिळवितो आणि नवा आकडा लिहितो. ही गोष्ट इतकी सहज घडते की, तीत विचार करण्यासारखे काही आहे असे कोणास वाटत नाही.

हेच काम संगणकाकडे सोपविले म्हणजे मात्र एक प्रश्न उभा राहतो. नाव रुग्णाचे, वय रुग्णाचे, रक्तगटही रुग्णाचाच. परंतु 'अखेरचा क्रमांक' कोणाचा? तो ह्या रुग्णाचा नव्हे आणि त्या रुग्णाचाही नव्हे. तो सर्वांचा मिळून एकच आहे. मग तो ठेवावयाचा कोठे, त्याला कोणत्या नावाने हाक मारावयाची आणि तो बदलण्याचा अधिकार कोणास द्यावयाचा?

ह्या प्रश्नांची उत्तरे चुकली तर संगणक तक्रार करीलच असे नाही. तो निमूटपणे दोन रुग्णांना एकच क्रमांक देईल आणि एकाच्या रक्ततपासणीचा अहवाल दुसऱ्याच्या कागदाला लागेल. म्हणून, वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या ह्या विषयाचा येथे जरा सविस्तर विचार करावयाचा आहे.

वर्ग आणि वस्तू

संगणकास द्यावयाच्या सूचनांच्या संचाला आपण आज्ञावली म्हणू. आज्ञावली रचण्याच्या ज्या अनेक पद्धती आहेत, त्यांपैकी वस्तुनिष्ठ पद्धती ही आज फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिचा उगम नॉर्वे देशात झाला. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटर ह्या संस्थेत क्रिस्टेन न्यूगोर व ओले-योहान डाल हे दोघे संशोधक वास्तवातील व्यवहारांची संगणकावर प्रतिकृती कशी उभी करावी ह्याचा अभ्यास करीत होते. त्यातून १९६७ मध्ये 'सिम्युला ६७' ही भाषा आकारास आली, आणि वर्ग व वस्तू ह्या दोन कल्पना प्रथम तिच्यात स्पष्टपणे मांडल्या गेल्या. ह्या कार्याबद्दल दोघांना २००१ सालचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

वर्ग म्हणजे एका जातीच्या वस्तूंचे वर्णन होय. 'रुग्ण' हा वर्ग सांगतो की, प्रत्येक रुग्णास नाव असते, वय असते, रक्तगट असतो. हे वर्णन म्हणजे कोणी एक रुग्ण नव्हे. वर्णनानुसार संगणकाच्या स्मृतीत जी प्रत्यक्ष नोंद निर्माण होते ती वस्तू. कोरा छापील नमुना आणि भरलेला केसपेपर ह्यांत जो संबंध, तोच साधारणपणे वर्ग आणि वस्तू ह्यांत समजावा. नमुना एक, केसपेपर हजारो.

ज्या नावाखाली एखादे मूल्य ठेविता येते व पुढे बदलताही येते, त्या नावास चल म्हणतात. वस्तुनिष्ठ आज्ञावलीत अशी चले दोन ठिकाणी राहू शकतात. नाव, वय, रक्तगट ही प्रत्येक वस्तूची स्वतःची असतात. हजार रुग्ण असले तर हजार नावांसाठी हजार निरनिराळ्या जागा लागतात. ह्यांना वस्तुचले म्हणू. ह्याउलट 'अखेरचा क्रमांक' हे चल वर्गाकडे असते. रुग्ण हजार असोत, दहा असोत वा एकही नसो, त्याची जागा एकच असते. ह्यास वर्गचल म्हणावे.

ह्यात जागेची काटकसर आहे हे उघड आहे. आठ बाइटांचे एखादे सामाईक मूल्य दहा लाख वस्तूंमध्ये वेगवेगळे ठेविले तर ऐंशी लाख बाइट खर्ची पडतात. वर्गाकडे ठेविले तर आठच पुरतात. तथापि काटकसर हा दुय्यम लाभ होय. मुख्य लाभ असा की, जे मूल्य एकच असावयास हवे ते एकाच ठिकाणी राहते, आणि दोन ठिकाणी दोन निरनिराळी उत्तरे मिळण्याचा संभव नाहीसा होतो. हा लाभ पदरात पडण्यासाठी त्या एका जागेशी योग्य रीतीने व्यवहार करावा लागतो. आणि नेमकी येथेच चूक होते.

बिंदूचा अर्थ

प्रचलित वस्तुनिष्ठ भाषांपैकी बहुतेकांत मालक आणि मालकीची गोष्ट ह्यांच्यामध्ये एक बिंदू देतात. मराठी वाचकास हा बिंदू परका वाटण्याचे कारण नाही; आपला षष्ठीचा प्रत्यय जे काम करतो तेच तो करतो. 'सखू.वय' ह्याचे वाचन 'सखूचे वय' असे करावे. 'रुग्ण.अखेरचा_क्रमांक' म्हणजे रुग्ण ह्या वर्गाचा अखेरचा क्रमांक. बरोबरीच्या चिन्हाचा अर्थ मात्र गणितातल्याहून वेगळा आहे. 'सखू.वय = ४०' ह्याचा अर्थ 'सखूचे वय ४० आहे काय' असा नसून 'सखूच्या वयाच्या जागी ४० लिही' असा आहे. बरोबरीच्या चिन्हाच्या उजवीकडे वाचन असते आणि डावीकडे लेखन. पुढील सर्व विवेचन ह्या एका भेदावर आधारलेले आहे.

ह्याशिवाय 'स्वतः' असा एक शब्द आपण वापरू. वर्गाच्या वर्णनात ज्या कृती लिहिलेल्या असतात, त्या ज्या वस्तूवर चालू आहेत तिचा निर्देश ह्या शब्दाने होतो. सखूची नोंद होत असताना 'स्वतः' म्हणजे सखू. गोविंदाची होत असताना गोविंद.

पाटी आणि फळा

मराठीत 'वर्ग' ह्या शब्दाचा शाळेतील वर्ग असाही अर्थ आहे. हा योगायोग समजुतीस फार सोयीचा पडतो. वर्गात भिंतीवर एक फळा असतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याजवळ स्वतःची एक पाटी असते. फळा म्हणजे वर्गचलाची जागा, पाटी म्हणजे वस्तुचलाची जागा. दृष्टान्त म्हटला की तो सर्वांशी जुळत नाही. येथेही विद्यार्थ्यांचा समूह म्हणजे वर्ग असे समजू नये. फक्त लिहिण्याच्या दोन जागा एवढाच ह्यातून घ्यावयाचा आहे.

आता पायथन ह्या भाषेचा नियम पाहू. ही भाषा गिडो व्हान रॉसम ह्यांनी रचली व १९९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आज शाळा-महाविद्यालयांत आरंभीची भाषा म्हणून ती पुष्कळ ठिकाणी शिकविली जाते. तिचा नियम असा :

वाचावयाचे असेल तर वस्तू प्रथम आपल्या पाटीकडे पाहते. ते नाव पाटीवर सापडले तर तेथील मूल्य सांगते. सापडले नाही तर मान वर करून फळ्याकडे पाहते आणि फळ्यावरील मूल्य सांगते.

लिहावयाचे असेल तर वस्तू फळ्याकडे पाहतच नाही. ती सरळ आपल्या पाटीवर लिहिते.

नियमाचे दोन भाग असमान आहेत, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. वाचताना फळा दिसतो. लिहिताना तो दिसत नाही. ह्या असमानतेतूनच पहिली चूक जन्म घेते.

सर्वांचा क्रमांक एकच

समजा, आज्ञावली रचणाऱ्याने रुग्ण ह्या वर्गाच्या फळ्यावर आरंभी 'अखेरचा_क्रमांक = ०' असे लिहून ठेविले. नवा रुग्ण नोंदला जाताना काय करावयाचे, हे त्याने पुढील एका वाक्यात सांगितले :

स्वतः.अखेरचा_क्रमांक = स्वतः.अखेरचा_क्रमांक + १

वाक्य निर्दोष दिसते. आता सखूची नोंद होऊ द्या. प्रथम उजवी बाजू : सखूच्या पाटीवर हे नाव नाही, म्हणून फळ्यावरील ० वाचले जाते व त्यात एक मिळवून १ होतो. मग डावी बाजू : हा १ सखूच्या पाटीवर लिहिला जातो. फळ्यावर शून्यच राहते. पुढे गोविंदाची नोंद होते. त्याची पाटी कोरी, म्हणून तोही फळ्यावरील ० वाचतो आणि आपल्या पाटीवर १ लिहितो. तिसरा, चौथा, शंभरावा रुग्ण आला तरी प्रत्येकाचा क्रमांक एकच. आज्ञावली कोठेही अडखळत नाही आणि पडद्यावर चुकीची सूचना उमटत नाही. एकाच रुग्णाची नोंद करून आज्ञावली तपासणाऱ्यास तर ती बरोबरच वाटेल, कारण पहिल्या रुग्णाचा क्रमांक १ हा खराच आहे.

ह्यावरील उपाय सोपा आहे. जे चल वर्गाचे आहे त्याला वर्गाचेच नाव घेऊन हाक मारावी :

रुग्ण.अखेरचा_क्रमांक = रुग्ण.अखेरचा_क्रमांक + १
स्वतः.क्रमांक = रुग्ण.अखेरचा_क्रमांक

पहिले वाक्य फळ्यावरील आकडा वाढविते. दुसरे तो आकडा रुग्णाच्या पाटीवर उतरवून घेते. आता सखूस १, गोविंदास २, आणि फळ्यावर २. सामाईक मूल्य व त्याची ज्याच्या त्याच्याजवळील नोंद ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून त्यांची नावेही निराळी ठेविली आहेत.

वर्गाचे नाव अजिबात न घेता नुसते 'अखेरचा_क्रमांक' असे लिहिले तर काय होईल? पायथनमध्ये कृतीच्या पोटातून नुसत्या नावाने वर्गचल सापडत नाही. त्यामुळे वरील बेरीज नुसत्या नावाने केल्यास आज्ञावली तेथेच थांबते व चूक दाखविते. हे एका परीने बरेच आहे, कारण बोलणारी चूक ही मुक्या चुकीपेक्षा केव्हाही परवडते.

फळ्याशेजारची वही

दुसरी चूक हिच्या उलट प्रकारची आहे. पहिलीत सामाईक असावयास हवे ते खासगी झाले. दुसरीत खासगी असावयास हवे ते सामाईक होते.

काही रुग्णांस काही औषधे सोसत नाहीत. अशा औषधांची यादी प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत असली पाहिजे. आज्ञावली रचणाऱ्याने विचार केला की, आरंभी ही यादी प्रत्येकाची रिकामीच असते. तेव्हा वर्गाच्या वर्णनातच 'वर्ज्य_औषधे' ह्या नावाने एक रिकामी यादी ठेवावी. मग सखूला पेनिसिलिन सोसत नाही असे कळले, तेव्हा त्याने 'सखू.वर्ज्य_औषधे' ह्या यादीत पेनिसिलिनची भर घातली.

येथे लेखनाचा नियम लागू होईल आणि यादी सखूच्या पाटीवर उतरेल, असे कोणास वाटेल. परंतु तसे होत नाही, कारण येथे कोणत्याही नावाच्या जागी नवे मूल्य लिहिलेले नाही. यादी ही फळ्यावर लिहिलेला आकडा नसून फळ्याशेजारी खुंटीला टांगलेली वही आहे, असे समजा. फळ्यावर फक्त ती वही कोणती ते लिहिलेले आहे. सखूने 'वही कोणती' हे वाचले, आणि त्या वहीत एक ओळ लिहिली. फळ्यास हात लागला नाही, पाटीसही नाही. बदलली ती वही. आणि वही तर सर्वांची एकच! आता गोविंदाची यादी मागा, त्यातही पेनिसिलिन दिसेल. उद्या नोंदल्या जाणाऱ्या रुग्णाच्या यादीतही ते आधीच हजर असेल.

ह्याचा परिणाम काय होईल ह्याची कल्पना करणे कठीण नाही. ज्यास पेनिसिलिन चालते त्यास ते नाकारले जाईल. काही दिवसांनी, प्रत्येक रुग्णापुढे तीच लांबलचक यादी दिसू लागल्यावर, डॉक्टरांचा त्या यादीवरील विश्वासच उडेल आणि खरी सूचनाही दुर्लक्षिली जाईल.

उपाय असा की, वस्तू निर्माण होताना जी आरंभीची कृती आपोआप घडते, तीत प्रत्येक रुग्णासाठी नवी रिकामी यादी तयार करून ती 'स्वतः.वर्ज्य_औषधे' ह्या नावाखाली ठेवावी. म्हणजे प्रत्येकाच्या हाती स्वतःची वही दिली जाईल. ह्यावरून एक सामान्य नियम सांगता येतो : ज्याच्या पोटात फेरफार होऊ शकतो असे मूल्य वर्गाकडे ठेवावयाचे, ते सर्वांनी वाटून घ्यावे अशी खरोखर इच्छा असेल तेव्हाच.

'स्टॅटिक' ह्या शब्दाविषयी

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप ह्यांची सी प्लस प्लस १९८५ मध्ये बाजारात आली, जावा १९९५ मध्ये, आणि सी शार्प त्यानंतर काही वर्षांनी. ह्या तिन्ही भाषांत वर्गचल जाहीर करताना 'स्टॅटिक' हा शब्द लिहावा लागतो. त्याचे 'स्थिर' असे भाषांतर करण्याचा मोह होतो, परंतु तो आवरला पाहिजे. 'स्थिर' म्हटले की मूल्य बदलत नाही असा समज होतो, आणि वर्गचलाचे मूल्य तर हवे तेवढे बदलू शकते. आपला अखेरचा क्रमांक दर रुग्णागणिक बदलतोच. मूल्य बदलू नये अशी इच्छा असेल तर त्यासाठी ह्या भाषांत वेगळे शब्द आहेत. स्टॅटिकमध्ये जे बदलत नाही ते मूल्य नव्हे, तर जागा. वस्तू निर्माण होतात व नष्ट होतात, पण ही एक जागा वर्गाकडे कायम राहते. म्हणून ह्या पुस्तिकेत 'स्थिर चल' असा वदतोव्याघात न करता 'वर्गचल' हाच शब्द योजिला आहे. 'स्मॉलटॉक-८०' ह्या भाषेतही ह्याच अर्थाची संज्ञा रूढ आहे.

ह्या भाषांत फळा व पाटी ह्यांचा नियमही निराळा आहे. कोणते नाव फळ्यावरचे आणि कोणते पाटीवरचे, हे वर्गाचे वर्णन लिहितानाच कायमचे ठरते. जावामध्ये 'सखू.अखेरचा_क्रमांक' असे लिहून त्यात ५ भरले, तर तो ५ सखूच्या पाटीवर न जाता फळ्यावर जातो आणि सर्वांसाठी बदलतो. पायथनमध्ये तेच वाक्य फक्त सखूपुरते लागू होते. एकाच रूपाचे वाक्य, पण अर्थ परस्परविरुद्ध! एका भाषेतून दुसरीत येणाऱ्या अनुभवी माणसाचीही येथे फसगत होते.

ह्या संकटावर सी शार्पने कडक उपाय योजिला आहे. वस्तूचे नाव घेऊन वर्गचलास हात लावण्याची तेथे मुळी परवानगीच नाही; आज्ञावलीचे रूपांतर करणारा कंपायलर असे वाक्य स्वीकारीत नाही. जावाचा कंपायलर असे वाक्य स्वीकारतो, मात्र तशी सोय चालू केल्यास इशारा देतो. पायथन काहीच बोलत नाही. म्हणून भाषा कोणतीही असो, वर्गचलास वर्गाच्या नावानेच संबोधावे, ही सवय सर्वत्र सुरक्षित ठरते. तीत आणखी एक गुण आहे. आज्ञावली वाचणाऱ्या दुसऱ्या माणसास, हे मूल्य एकट्याचे नसून सर्वांचे आहे, हे त्या नावावरूनच समजते.

पोटवर्ग आणि त्यांचे फळे

एका वर्गापासून दुसरा अधिक विशिष्ट वर्ग काढता येतो. 'आंतररुग्ण' हा 'रुग्ण' ह्या वर्गाचा पोटवर्ग मानू. त्यास रुग्णाचे सर्व गुण असतात आणि शिवाय खाटेचा क्रमांक असतो. आता प्रश्न असा की, पोटवर्गाचा फळा वेगळा की मूळ वर्गाचाच?

पायथनमध्ये पोटवर्गास स्वतःचा फळा असतो, आणि त्यावर एखादे नाव नसल्यास मूळ वर्गाच्या फळ्यावर पाहिले जाते. लेखन मात्र ज्याचे नाव घेतले त्याच्याच फळ्यावर होते. समजा, रुग्ण ह्या वर्गाच्या फळ्यावर ४० आहे आणि कृतीत 'वर्गाचे नाव' म्हणून रुग्ण हे नाव न घालता 'ज्या वर्गाची ही वस्तू आहे तो वर्ग' असे लिहिले आहे. आंतररुग्णाची पहिली नोंद होताना मूळ फळ्यावरील ४० वाचले जातात, पण ४१ लिहिले जातात ते आंतररुग्णाच्या नव्या फळ्यावर. त्यानंतर साधा रुग्ण आला की मूळ फळ्यावरील ४० वाचून त्यासही ४१ हाच क्रमांक मिळतो. पुन्हा दोघांचा क्रमांक एक!

सबंध रुग्णालयात क्रमांकांची एकच माळ हवी असेल तर मूळ वर्गाचे नाव स्पष्ट घ्यावे. आंतररुग्णांची माळ वेगळी हवी असेल तर त्या पोटवर्गात हे चल शून्यापासून स्वतंत्रपणे मांडावे आणि क्रमांकापूर्वी ओळखीचे अक्षर जोडावे. दोन्ही मार्ग योग्य आहेत. कोणता हवा हे रुग्णालयाच्या व्यवस्थेने ठरवावयाचे. अयोग्य आहे ते एवढेच की, निर्णय न घेता तो भाषेच्या नियमावर सोडणे. कारण नियम भाषेगणिक बदलतात. रूबी ह्या १९९५ मधील जपानी भाषेत वर्गचल मूळ वर्ग व सर्व पोटवर्ग ह्यांत मिळून एकच असते. एका पोटवर्गाने ते बदलले की सर्वांचे बदलते. जावातही पोटवर्गात ते नव्याने जाहीर केले नाही तर मूळचेच एक चल सर्वांना मिळते.

दोन खिडक्या, एक फळा

आतापर्यंत आपण एका वेळी एकच नोंद होते असे धरले. मोठ्या रुग्णालयात दोन खिडक्या असतात, तद्वत एकाच आज्ञावलीत दोन कामे एकाच वेळी चालू शकतात. पहिल्या खिडकीने फळ्यावर ४१ वाचले. तिने ४२ लिहिण्यापूर्वीच दुसऱ्या खिडकीनेही ४१ वाचले. मग दोघींनी ४२ लिहिले. वर्गाचे नाव अगदी बरोबर घेतले तरी ही चूक घडू शकते, कारण वाचणे, मिळविणे आणि लिहिणे ह्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. येथे कुलपाची योजना करतात : जो प्रथम येईल त्याने कुलूप लावावे, तिन्ही पायऱ्या पुऱ्या कराव्या आणि मग कुलूप काढावे, तोवर दुसऱ्याने थांबावे.

म्हणून जाणकार लोक वर्गचल उघड्यावर ठेवीत नाहीत. 'नवा_क्रमांक_दे' अशी एकच कृती वर्गाकडे नेमतात आणि इतरांनी क्रमांक हवा असल्यास तिच्याकडेच मागावा असे ठरवितात. ही कृती कोणा एका वस्तूची नसून वर्गाची असल्यामुळे, एकही रुग्ण नोंदलेला नसतानाही ती चालविता येते. वाचन, लेखन, कुलूप हे सर्व तिच्या पोटात एकदाच लिहावयाचे; त्यामुळे चूक शोधावयाची झाली तर एकच जागा पाहावी लागते.

वर्गचलाची मर्यादा

शेवटी एका मर्यादेचा उल्लेख केला पाहिजे. वर्गचल हे चालू असलेल्या एका आज्ञावलीच्या स्मृतीत राहते. आज्ञावली थांबली, वीज गेली किंवा संगणक पुन्हा सुरू करावा लागला, तर फळा पुसला जातो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तसेच, तीच आज्ञावली दोन संगणकांवर चालविली तर दोन स्वतंत्र फळे निर्माण होतात. एकावरील आकडा दुसऱ्यास ठाऊक नसतो. ज्या क्रमांकावर रुग्णाची ओळख वर्षानुवर्षे अवलंबून राहावयाची, तो केवळ वर्गचलाच्या भरवशावर सोडता येत नाही. त्यासाठी कायमस्वरूपी नोंदी ठेवणारा डेटाबेस हवा, आणि क्रमांक देण्याचे काम त्याच्याकडेच असावे. वर्गचलाचे खरे क्षेत्र म्हणजे चालू आज्ञावलीपुरती सामाईक असणारी मूल्ये : मोजणी, मर्यादा, दर, वारंवार लागणाऱ्या याद्या.

ज्यास पडताळा पाहावयाचा असेल त्याने एक छोटा वर्ग लिहून त्याच्या निदान दोन वस्तू निर्माण कराव्या. एकच वस्तू घेतल्यास ह्यांपैकी बहुतेक चुका दिसत नाहीत. मग एका वस्तूत बदल करून दुसरीकडे काय दिसते, आणि वर्गाकडे काय दिसते, हे तिन्ही ठिकाणी तपासावे. दुसऱ्या वस्तूत बदल दिसला तर मूल्य सामाईक आहे. न दिसला तर खासगी आहे. आपल्या मनात जे होते तेच दिसले काय, एवढाच प्रश्न मग उरतो.

नोंदवहीवर काम करणाऱ्या लेखनिकास हे सारे सांगावे लागत नव्हते, कारण त्याच्यापुढे वही एकच होती आणि ती सर्वांची आहे हे त्यास डोळ्यांनी दिसत होते. संगणकास ते दिसत नाही. त्यास प्रत्येक वेळी सांगावे लागते की, हे ह्या एकाचे आहे आणि हे सर्वांचे आहे. ते सांगण्याचे साधन म्हणजे बिंदूच्या डावीकडे लिहिलेले नाव. आणि खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसास त्याचाच केसपेपर व त्याचेच औषध मिळावे, ह्यासाठी ते नाव विचारपूर्वक लिहिले पाहिजे.